पुऱ्या मापाचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात, अर्थकारणावर बोलणारे येतात. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी घरगुती आहे. घरात फायबरचे इंटरनेट घेतले, जाहिरातीत अमुक इतका वेग सांगितला, पैसे त्या वेगाचे मोजले. मग तो वेग आपल्या पदरात पुरा पडतो का, पडत नसेल तर वाटेत कोठे सांडतो, आणि तो भरून कसा घ्यायचा, एवढाच हा विषय आहे. त्यासाठी चालकांनी एखादा इंजिनियर न बोलावता हमालांच्या संघटनेत काम करणारा माणूस बोलावला, याचे आपल्याला नवल वाटले असेल. मलाही वाटले.

मी इंजिनियर नाही. जे थोडे समजते ते वाचून, विचारून आणि चुका करून समजलेले आहे. पण एका गोष्टीजवळ माझे आयुष्य गेले आहे, आणि ती म्हणजे माप. पोत्यावर छापलेले वजन एक, काट्यावर दिसणारे दुसरे आणि हमालाच्या पाठीला कळणारे तिसरे, हे मी बाजारपेठेत तीस वर्षे पाहत आलो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि ओझी वाहणाऱ्याची मजुरी मंडळाच्या वहीत नोंदली जाऊ लागली. त्या वहीने आम्हाला एक धडा दिला. जे मोजलेले नाही आणि लिहिलेले नाही, त्यावर नुसती ओरड करता येते, भांडता येत नाही. हाच धडा मी एकदा विसरलो. ती हकीकत आधी सांगतो, कारण आजचे सारे बोलणे तिच्यातून निघाले आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका सभासदाची मुलगी घरी बसून परगावच्या एका कंपनीचे काम करीत असे. ग्राहकांचे फोन कॉम्प्युटरवरून घ्यायचे आणि बोलता बोलता त्यांच्या तक्रारी नोंदवायच्या. फोन मध्येच तुटला की तो तिच्या नावावर मांडला जाई आणि महिनाअखेर पगारातून कपात होई. तिने २०० एमबीपीएसची जोडणी घेतली होती, तरी फोन तुटत. एका महिन्यात अठराशे रुपये कापले गेले, तेव्हा तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "अण्णा, पैसे दोनशेचे भरतोय अन् माल निम्माबी येत न्हाई."

मी तापलो. पंधरा माणसे घेऊन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या गावातल्या कचेरीवर गेलो. तेथल्या तरुण तंत्रज्ञाने वाद घातला नाही. तो आमच्याबरोबर घरी आला. भिंतीवरच्या पेटीला त्याने आपल्याजवळची केबल लावली, ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि वेग मोजला. १९१ आला. मग आतल्या खोलीत मुलीच्या कॉम्प्युटरवर वाय-फायने मोजला. १८ आला. "काका," तो म्हणाला, "माल दारापर्यंत पुरा आलाय. सांडतोय तो तुमच्या घरात." पंधरा माणसांच्या देखत मी गप्प झालो. आधी वजन करा, मग भांडा, असे तीस वर्षे दुसऱ्यांना सांगणारा मी, वजन न करताच भांडायला गेलो होतो.

त्या दिवसापासून हा विषय शिकायला लागलो. शिकताना कळले की, कंपनीच्या कचेरीपासून आपल्या हातातल्या फोनपर्यंत माल पाच-सहा हातांतून जातो, आणि सर्वांत अरुंद असेल तो हात साऱ्यांचा वेग ठरवतो. तेव्हा एकेक हात तपासू.

पण त्याआधी माप कशाचे, ते पाहिले पाहिजे. जाहिरातीत १०० एमबीपीएस लिहिलेले असते. त्यातला 'बी' म्हणजे बिट. आपण एखादी फाइल उतरवून घेतो तेव्हा पडद्यावर जो आकडा दिसतो तो बहुधा बाइटचा असतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० च्या जोडणीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली, तर माप पुरे आहे. १९५६ च्या कायद्याने शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, तेव्हा शेराच्या हिशेबाने किलो घेणाऱ्यांची किती भांडणे झाली, ते वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. येथेही तसेच आहे. शंभर घेऊन बाराच मिळाले अशी तक्रार करणारे कितीतरी लोक मला भेटतात. त्यांना मी आधी आठाने भागायला सांगतो. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

दुसरी गोष्ट बारदानाची. बाजारात पोत्यासकट वजन करतात आणि बारदानाचे वजन वजा करतात. इंटरनेटवरचा मालही लहान लहान पाकिटांतून येतो. प्रत्येक पाकिटावर कोठून आले, कोठे जायचे, कितवे आहे, असा मजकूर असतो. केबलमधून जाणाऱ्या भरल्या पाकिटाचा हिशेब केला, तर दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरून १५३८ बाइट खर्ची पडतात आणि त्यांत आपला खरा माल १४६० बाइट असतो. म्हणजे शेकडा पाच बारदानात जातात. १०० च्या तारेवर ९५ भरले, तर त्यात कोणी लबाडी केलेली नाही. काही कंपन्या मुद्दाम थोडे जास्त सोडून ही तूट भरून देतात. ज्या देत नाहीत त्यांच्याशी पाचासाठी भांडू नये. भांडायला पुढे पुष्कळ आहे.

आता रस्ता. फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. त्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंह कपानी यांनी १९५४ साली इंग्लंडमध्ये प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र वाहून दाखवले. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की, प्रकाश वाटेत मरतो तो काचेतल्या अशुद्धतेमुळे. काच शुद्ध केली तर तो मैलोगणती जाईल. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा, बंधूंनो, वेग कमी पडला म्हणजे फायबर वाईट निघाले, असा निष्कर्ष काढू नका. धागा सहसा दोषी नसतो. दोष असतो तो धाग्याच्या दोन टोकांना.

आधी आपल्या टोकाकडून सुरुवात करू, कारण ते आपल्या हातात आहे.

भिंतीवरच्या पेटीत प्रकाशाचा पुन्हा वीजसंदेश होतो. तेथून माल तांब्याच्या केबलने किंवा वाय-फायने पुढे जातो. वजन करायचे ते या पेटीशी करायचे, केबल लावून, आणि घरातली बाकीची सगळी यंत्रे बंद ठेवून. हा पहिला नियम. वाय-फायवर मोजलेला आकडा कंपनीपुढे ठेवू नका. तो तुमच्या भिंतींचा आकडा आहे, कंपनीचा नव्हे.

केबलने मोजताना एक आकडा ध्यानात ठेवा. हा आकडा म्हणजे ९४. मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून लांब केबल आणली, पेटीपासून तिच्या कॉम्प्युटरपर्यंत ओढली आणि मोठ्या आशेने मोजले. ९४ आले. पुन्हा मोजले, पुन्हा ९४. दोनशेच्या योजनेत दर वेळी नेमके ९४-९५ येत असतील, तर कोठेतरी शंभराचे दार आहे आणि माल त्यातून येतो आहे, असे समजावे. या केबलीत आठ तारा असतात. शंभरापर्यंतच्या जोडणीला चार पुरतात. हजाराच्या जोडणीला आठही लागतात. एखादी तार तुटली, टोक नीट दाबले गेले नाही, किंवा केबल मुळात चारच तारांची निघाली, तर दोन्ही टोकांची यंत्रे आपसांत ठरवून मुकाट्याने शंभरावर उतरतात. ती तक्रार करीत नाहीत, तांबडा दिवा लावीत नाहीत, म्हणून माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. आमची केबल स्वस्तातली होती आणि टोकाला दोन तारा सुटल्या होत्या. टोके नव्याने बसवली, तेव्हा आकडा १८८ वर गेला. जुन्या राऊटरची किंवा जुन्या कॉम्प्युटरची खाचसुद्धा शंभराचीच असू शकते. तेव्हा मोठी योजना घेण्याआधी घरातली दारे किती रुंद आहेत ते पाहावे. नाहीतर तीनशेचे पैसे भरून माणूस पंचाण्णवच घेत बसतो.

आता वाय-फाय. येथे सर्वांत जास्त माल सांडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

वाय-फाय म्हणजे हवेतली बोलचाल आहे. या सभागृहात मी बोलतो आहे आणि आपण ऐकता आहात. आपण सगळे एकदम बोलू लागलात तर कोणालाच काही कळणार नाही. वाय-फायचा नियम तोच. एका वेळी एकानेच बोलायचे. घरात दहा यंत्रे असली तर दहांनी पाळीपाळीने. शिवाय शेजाऱ्याची यंत्रेही त्याच हवेत बोलत असतात. त्यातही एखादा जुना फोन लांबच्या खोलीतून हळूहळू बोलत असेल, तर त्याचे होईपर्यंत बाकीचे थांबून राहतात.

घरच्या बहुतेक राऊटरांत दोन पट्टे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ चा. पहिला लांब जातो आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. एकमेकांवर न आदळणारे असे त्यात तीनच मार्ग आहेत, १, ६ आणि ११. आणि ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी हेही त्याच पट्ट्यात वावरतात. चाळीत किंवा मोठ्या इमारतीत वीस घरांनी हे तीन मार्ग वाटून घ्यायचे, म्हणजे काय होत असेल ते पाहा. दुसरा पट्टा रुंद आहे, वेगवान आहे, मोकळा आहे. पण भिंतीपुढे लवकर दमतो. वाड्याची दगडी भिंत, सिमेंटचा सळईचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नाही.

यावरून काय करायचे ते आपोआप निघते. राऊटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. आपल्याकडे जोडणी करणारा येतो तेव्हा आपण काय सांगतो? "दाराशीच लावा, भिंतीला भोक नको." किंवा, "टीव्हीच्या मागे दडवा, वाईट दिसते." मुलीच्या घरी तो लोखंडी कपाटाच्या मागे होता. दिसू नये म्हणून दिव्याला कपाटात ठेवावे आणि मग अंधार पडला म्हणून वीज मंडळाला शिव्या द्याव्यात, तसे आम्ही केले होते. ज्या यंत्रावर पोटाचे काम चालते त्याला शक्य तर केबलच लावावी. टीव्ही जागचा हलत नाही, त्यालाही केबल लावावी. म्हणजे हवा फोनसाठी मोकळी राहते. जवळच्या यंत्रांना ५ चा पट्टा द्यावा. लांबच्या खोलीसाठी लोक पुनरुच्चार करणारी छोटी पेटी आणतात. ती एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलणारी असेल, तर प्रत्येक वाक्य दोनदा बोलले जाते आणि वेग सुमारे निम्मा होतो. त्यापेक्षा तेथवर केबल नेऊन दुसरी पेटी लावणे चांगले.

राऊटरच्या खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका. १२०० छापलेले असते. ते म्हणजे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची गोळाबेरीज, आणि तीही वादळवारा नसलेल्या कागदावरची. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. त्याच्या हाती, अगदी शेजारी बसलात तरी, पट्ट्याच्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा फार जास्त पडत नाही.

हे सारे आपण केले, आणि पेटीशी केबलने मोजूनही माप पुरे भरत नाही, असे दिसले, तर मग भांडण कंपनीशी आहे. आता तिकडे वळू.

पहिली शंका प्रकाशाची. धागा कोपऱ्यात फार वाकवला, दारात चिमटला, किंवा खांबावर सांधा नीट झाला नाही, तर प्रकाश वाटेत गळतो. पेटीच्या आतल्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा बहुधा पाहायला मिळतो. तो उणे असतो. उणे १८, उणे २२ असा. दर तिनाला प्रकाश निम्मा होतो. आपल्याकडे घरोघरी जी पद्धत वापरतात तिच्या नेहमीच्या पेट्या साधारण उणे ८ ते उणे २७ यांमध्ये चालतात. उणे २७ च्या काठावर आलात, तर जोडणी तुटत-जुळत राहील. तंत्रज्ञ जोडणी करून गेला त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो पाचाने घसरलेला दिसला, तर कोठेतरी धागा दुखावला आहे, हे तुम्ही पुराव्यानिशी सांगू शकता. पण उघड्या धाग्याच्या टोकात डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

येथे एक गोष्ट मला संघटनेचा माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे. धागा दारात चिमटवून जाणाऱ्या त्या मुलावर आपण ओरडतो. तो बऱ्याच ठिकाणी कंपनीचा नोकर नसतो, ठेकेदाराचा असतो. आणि त्याला पगार नसतो, जोडणीमागे रक्कम असते. पेट्रोल त्याचे, शिडी त्याची. एका घरी एक तास जास्त लावून धागा नीट बसवला, तर तेवढी पुढची जोडणी हातची जाते. कामाचा दर असा बांधला की काम असेच होते. तेव्हा त्याला पाणी द्या, बसायला सांगा, आणि "माझ्यासमोर केबलने मोजून दाखव, प्रकाशाचा आकडा सांग" एवढी दोन कामे त्याच्याकडून करून घ्या. तो आनंदाने करतो. माझा अनुभव असा आहे की, या साऱ्या व्यवहारात खरे बोलणारा पहिला माणूस तोच भेटतो.

दुसरी आणि मोठी गोष्ट संध्याकाळची. या पद्धतीत कचेरीतून निघालेला एक धागा वाटेत फोडून बहुधा ३२ किंवा ६४ घरांना दिलेला असतो. त्या साऱ्यांत मिळून येणारा वेग सुमारे अडीच हजार एमबीपीएस, आणि जाणारा त्याच्या निम्मा. आता ६४ घरांना प्रत्येकी १०० विकले तर होतात ६४००. अडीच हजारांच्या धाग्यावर सहा हजार चारशे विकले, म्हणून लगेच चोरी झाली असे मात्र मी म्हणणार नाही. लग्नात आमंत्रण हजाराला असते आणि स्वयंपाक सातशेंचा करतात, कारण सगळे एका पंगतीला बसत नाहीत. हा अंदाज प्रामाणिकपणे केला तर कोणी उपाशी उठत नाही. पण आमंत्रण हजाराला आणि स्वयंपाक दोनशेंचा केला, तर रात्री नऊच्या पंगतीला भात संपतो. त्यातही अनेकदा कमी पडतो तो हा धागा नव्हे. त्याच्या मागे आपल्या भागापासून मोठ्या शहरापर्यंत कंपनीने घेतलेला रस्ता कमी पडतो. तो रुंद करायला पैसे लागतात, आणि ग्राहकाने मोजमाप केले नाही तर ते वाचतात.

म्हणून मोजायचे ते दिवसातून तीनदा. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला. असे सात दिवस. तारीख, वेळ, आकडा, वहीत. सकाळी १९० आणि रात्री ४० असे रोज येत असेल, तर दोष तुमच्या केबलचा नाही. केबलला वेळ कळत नाही. आणखी एक. वेग मोजणारे पान बहुधा जवळच्या, कधीकधी खुद्द कंपनीच्याच यंत्राशी मोजते. गावातल्या गावात रस्ता मोकळा आहे, एवढेच त्यातून कळते. एकदा लांबच्या शहरातले यंत्र निवडून मोजावे. मात्र परदेशातल्या यंत्राशी मोजून आकडा कमी आला, तर सगळा दोष कंपनीला देऊ नये. पाठवणारा काही पाकिटे पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत थांबतो. अंतर जितके लांब तितकी पोच उशिरा. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायला प्रकाशालाही काचेतून सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त.

आता शब्दांकडे या. जाहिरातीत '२०० एमबीपीएसपर्यंत' असे असते. हा 'पर्यंत' लहान अक्षरांत असतो. "रोजी सातशे रुपयांपर्यंत" असे कोणी मजुराला सांगितले, तर आमचा हमाल पहिला प्रश्न विचारील, "कमीत कमी किती?" इंटरनेट घेताना तो प्रश्न आपण विचारीत नाही. ब्रिटनमध्ये लोकांनी तो विचारला. तेथे पूर्वी शेकडा दहा गिऱ्हाइकांना मिळणारा वेगसुद्धा 'पर्यंत' म्हणून जाहिरातीत घालता येत असे. मे २०१८ पासून नियम बदलला. निदान निम्म्या गिऱ्हाइकांना रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी जो वेग मिळतो, तोच जाहिरातीत घालायचा. आणि मार्च २०१९ पासून तेथल्या नियामकाच्या आचारसंहितेप्रमाणे, ती मान्य केलेल्या कंपनीला किमान वेग आधी सांगावा लागतो. त्याखाली वेग गेला आणि तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर गिऱ्हाईक दंड न भरता करार मोडू शकते.

तसाच दुसरा शब्द 'अमर्याद'. आपल्याकडच्या अनेक 'अमर्याद' योजनांना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की वेग उतरतो. साध्या कुटुंबाला ती पुष्कळ झाली, हे खरे. पण १०० च्या वेगाने सतत माल घेतला, तर ती सुमारे त्र्याहत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांत संपते. ज्याला मर्यादा आहे त्याला अमर्याद म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ सालीच ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले होते. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, असे त्यांत होते. ते नियम जाऊन १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली लागू झाली आहे. तक्रारीचा मार्ग ठरलेला आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे पावतीशिवाय दिलेले पैसे. तेथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पूर्वी कंपन्या म्हणत की, दूरसंचाराची भांडणे ग्राहक मंचात चालत नाहीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चालतात असा निकाल दिला. तेव्हा दार उघडे आहे. आपल्या हातात कागद पाहिजे.

त्या मुलीच्या हकीकतीचा शेवट सांगायचा राहिला. केबल दुरुस्त केली, राऊटर कपाटामागून काढला, दिवसाचे फोन तुटणे थांबले. रात्रीचे थांबले नाही. रात्री नऊला आकडा ४० वर येई आणि पाकिटे हरवत. या वेळी मी कचेरीवर गेलो नाही. त्या गल्लीत त्याच कंपनीची चौदा घरे होती. चौदा घरांत चौदा वह्या दिल्या. कसे मोजायचे ते मुलीने घरोघर जाऊन शिकवले. सात दिवसांनी वह्या एकत्र ठेवल्या, तेव्हा चौदाही वह्यांत रात्रीचा खड्डा एकाच वेळी पडलेला दिसला. एकट्याने सांगितले असते, तर "तुमचा राऊटर जुना आहे" असे उत्तर आले असते. चौदांचे राऊटर एकाच वेळी जुने होत नाहीत. वह्यांच्या नकला जोडून चौदा जणांनी तक्रार केली, दाद लागली नाही म्हणून चौदा जणांनी अपील केले. पाचव्या आठवड्यात कंपनीचा अधिकारी आला. आमच्या भागाकडे येणारा मागचा रस्ता भरला आहे हे त्याने मान्य केले, आणि पुढच्या महिन्यात तो वाढवला. आता तेथे रात्री १७० च्या आसपास मिळतात. पुरे दोनशे नाहीत, पण फोन तुटत नाहीत.

तिचे कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत. आपल्या कंपनीकडे तिने वही पाठवली. उत्तर आले की, घरचे इंटरनेट ही कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे. पूर्वी कामाचे हत्यार मालक देत असे. आता वीज कामगाराची, जागा कामगाराची, इंटरनेट कामगाराचे, आणि ते तुटले तर कपातही कामगाराचीच. हे भांडण अजून व्हायचे आहे, आणि ते इंटरनेटच्या कंपनीशी नाही. पण तेही वहीशिवाय लढता येणार नाही, हे त्या मुलीला आता कळले आहे. तिच्याबरोबर घरून काम करणाऱ्या आणखी सहा मुली दर रात्री नऊला आकडा लिहून ठेवतात.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढा वेग हवा कशाला? तोही प्रश्न योग्य आहे. चांगल्या दर्जाचा चित्रपट पाहायला पाच-सात एमबीपीएस पुरतात, अगदी उंची दर्जाचा पाहायला पंचवीस. चार माणसांच्या घराला पुरे भरलेले शंभर बहुधा उरतात. कमी पडते म्हणून तीनशेची योजना घेणाऱ्याने आधी शंभर पुरे भरून घ्यावेत. फाटक्या पोत्यात धान्य जास्त ओतून पोते भरत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करा. एक केबल घ्या, पेटीशी लावा, रात्री नऊला मोजा आणि तारखेसह लिहा. उद्या शेजाऱ्याला त्याचा आकडा विचारा.